पहिल्या उमेदीचा दस्तऐवज
गेल्या आठवड्यात कर्जतहून खोपोलीस जाणाऱ्या लोकलमध्ये, पळसदरी मागे पडून भातखाचरे दिसू लागली असता, शेजारच्या तरुणाने मोठ्या अगत्याने माझ्या कानी घातलेली कॅसेट ही १९८२ च्या जुलैत 'मेटॅलिका' या अमेरिकी हेवी मेटल बँडने ध्वनिमुद्रित केलेली, हस्ते परहस्ते देशोदेशी फिरलेली आणि २०१५ साली पुन्हा कॅसेटरूपानेच प्रसिद्ध झालेली 'नो लाइफ टिल लेदर' ही सात गीतांची फीत होय, हे कळताच डब्यातील कोलाहल माझ्यापुरता थांबला. तीत गिटारवर डेव्ह मस्टेन आणि बासवर रॉन मॅकगव्हनी आहेत. १९८३ च्या पहिल्या अल्बमपूर्वीच दोघे बाहेर पडले, आणि येथे बेभान धावणारे 'मेकॅनिक्स' त्या अल्बमात नवे शब्द व संथ मध्यभाग लाभून 'द फोर हॉर्समेन' झाले. माझे मत स्पष्ट आहे : तालुका कचेरीच्या दप्तरात अस्सल कागद जसा खाडाखोडीसह जतन होतो, तसेच प्रारंभिक ध्वनिमुद्रण त्यातील खरखरीसह जतन झाले पाहिजे, कारण कीर्तीपूर्वीचे निर्भय तारुण्य तेथेच शाबूत असते, आणि १९८४ साली मुंबईत उदयास आलेल्या, १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वरचित गीतांचा अल्बम देणाऱ्या आपल्या 'रॉक मशीन'च्या आरंभकाळातील फितीही याच सन्मानास निःसंशय पात्र आहेत.