डोळे नजरेने येत नाहीत



पावसाळा सुरू झाला की कोठे ना कोठे डोळ्यांची साथ येते. वर्गात एखाद्याचे डोळे लाल दिसले, की शेजारची मुले ओरडतात, “त्याच्याकडे बघू नकोस, तुझेही येतील!” मग तो बिचारा काळा चष्मा लावतो आणि बाकीचे निर्धास्त होतात. मी डॉक्टर नाही, पदार्थविज्ञान शिकवतो. परंतु ‘बघितल्याने डोळे येतात’ हे विधान प्रकाशाविषयीचे आहे. तेव्हा ते तपासून पाहण्याचा अधिकार मलाही आहे आणि तुम्हालाही.

पाहणे म्हणजे काय? डोळ्यातून किरण निघून वस्तूला जाऊन लागतात, असे प्राचीन काळी अनेक विद्वान मानीत. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या शास्त्रज्ञाने याच्या उलट प्रतिपादन केले. वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, म्हणून ती दिसते. रुग्णाच्या लाल डोळ्याकडून तुमच्यापर्यंत येतो तो निव्वळ प्रकाश. त्यावर स्वार होऊन रोगजंतू येत नाहीत. नजरेने हा रोग होत असता, तर बंद खिडकीच्या काचेतून पाहूनही झाला असता, आणि नेत्रतज्ज्ञांचे डोळे बाराही महिने लाल राहिले असते!

मग साथ पसरते कशी? साथीला बहुधा विषाणू कारणीभूत असतात. त्यांपैकी ॲडिनोव्हायरस हा सुमारे ९० नॅनोमीटर व्यासाचा असतो. एका मिलिमीटरच्या ओळीत असे अकरा हजार मावतील! रुग्ण डोळा चोळतो. तेच बोट बाकाला, दाराच्या कडीला, पेनाला लागते. तेथे तुमचा हात लागतो आणि नकळत तुम्ही आपला डोळा चोळता. कोरड्या पृष्ठभागावरही हा विषाणू कित्येक दिवस टिकू शकतो. रुमाल व टॉवेल यांचे तर विचारायलाच नको.

१९६९ साली आफ्रिकेतील घाना देशात डोळे रक्ताळणारी एक नवीच साथ उद्भवली. त्याच सुमारास अपोलो-११ मधून माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला ‘अपोलो’चे नाव दिले! १९७१ मध्ये ती मुंबईत होती. बंगालमध्ये तिला ‘जय बांगला’ म्हणत. खरे कारण होते एन्टेरोव्हायरस ७० नावाचा विषाणू. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी परिसरात हजारोंचे डोळे आले, तेव्हाही काळ्या चष्म्यांचीच चर्चा अधिक झाली. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो आणि डोळ्याकडे जाणारा हात थोडा अडवतो, एवढाच त्याचा उपयोग.

उपचारांतही अशीच गल्लत होते. विषाणूंमुळे आलेले डोळे बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात; प्रतिजैविकांचे थेंब विषाणूंवर चालत नाहीत. स्वच्छ, गार, ओल्या कापडाने आराम वाटतो. जीवाणूंमुळे डोळे आले असतील, तर डॉक्टर योग्य ते थेंब देतात. शेजाऱ्याची उरलेली बाटली मात्र वापरू नका. स्टिरॉइड असलेले थेंब सल्ल्यावाचून घातले, तर काही रोगांत बुबुळावरील पारदर्शक पडद्याला कायमची इजा होऊ शकते. तीव्र वेदना, अंधूक दिसणे किंवा उजेड अजिबात सहन न होणे, यांपैकी काही असेल तर विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तान्ह्या बाळाचे डोळे आले, तरीही तसेच करावे.

नजरेच्या समजुतीने दुहेरी नुकसान होते. आजारी मुलाला अपराध्यासारखे वागवले जाते आणि ज्या हातांनी रोग पसरतो, ते धुवायचे राहून जातात. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे: डोळे आलेल्या मुलाला टोमणा न मारता घरी विश्रांती घेऊ द्या, त्या दिवसांची हजेरी धरून बसू नका, आणि शाळेच्या नळापाशी साबणाची वडी ठेवा.

आणि तुम्ही? त्या मित्राकडे खुशाल पाहा, दारातून त्याला गृहपाठ सांगा. त्याचा रुमाल तेवढा घेऊ नका, आणि घरी आल्यावर आधी साबणाने हात धुवा.