ताप उतरल्यावर डोळ्यांत तेल घाला

मैत्रिणींनो, श्रावण-भाद्रपद आला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कुठल्याही इमारतीच्या जिन्यात एक वाक्य हमखास कानावर येतं, "ताप उतरला हो, सुटलो एकदाचे!" साध्या सर्दी-पडशाच्या तापात हे अगदी खरं. डेंग्यूत मात्र ते अर्धंच खरं आहे. या आजारात अंग भट्टीसारखं तापलेलं असताना जो धोका नसतो, तो नेमका ताप उतरताना डोकावतो.

हे ऐकायला उलटंच वाटतं. पण आपल्या रक्तात कोण कोण पहारा देतं आणि तो पहारा कसा चालतो हे एकदा समजलं, की त्यातलं कोडं सुटतं. मग डॉक्टरांच्या सूचना घोकाव्या लागत नाहीत, आपोआप लक्षात राहतात. म्हणून आज थोडं शास्त्र आणि मग घरचं काम.

निरोप्यांची धावपळ

शरीरात विषाणू शिरला की त्याची पहिली गाठ पडते ती तिथल्या पेशींशी. त्या पेशी लगेच बारीक बारीक प्रथिनं सोडतात. ही प्रथिनं म्हणजे निरोपे. शास्त्रात त्यांना 'सायटोकाइन' म्हणतात. चाळीत चोर शिरला की पहिली बाई ओरडते, ते ऐकून दुसरी ओरडते आणि बघता बघता सगळी चाळ काठ्या घेऊन जमते, तसंच हे. कोणी निरोप्या पांढऱ्या पेशींना बोलावतो, कोणी शेजारच्या पेशींना "दारं लावून घ्या" म्हणून बजावतो. हा दुसरा निरोप्या म्हणजे इंटरफेरॉन. तो १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन या दोन शास्त्रज्ञांनी शोधून काढला.

काही निरोपे थेट मेंदूपर्यंत पोचतात. मेंदूत शरीराची उष्णता राखणारं एक केंद्र आहे. निरोप मिळाला की ते आपला काटा वर सरकवतं. अंग अजून नेहमीइतकंच गरम, पण काटा वर गेलेला, म्हणून आपल्याला थंडी वाजते आणि दोन गोधड्या घेऊनही हुडहुडी थांबत नाही. अंगदुखी, अन्नावरची वासना उडणं, नुसतं पडून राहावंसं वाटणं, हेही बरंचसं या निरोप्यांचंच काम. ताप हा बहुतेक वेळा शत्रूचा घाव नसतो, आपल्याच घरातली लगबग असते. पॅरासिटामॉलची गोळी काटा तात्पुरता खाली आणते. ती विषाणूला मारत नाही.

फटाक्यांची माळ

निरोप्यांच्या जोडीला रक्तात आणखी एक पथक कायम फिरत असतं. तीसहून जास्त प्रथिनांचं हे पथक, त्यातली बहुतेक यकृतात तयार होतात. त्यांना पूरक प्रथिनं किंवा 'कॉम्प्लिमेंट' म्हणतात. पूरक का? तर १८९० नंतरच्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे यांनी पाहिलं, की जंतू मारणारा रक्तरस ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तर त्याची ताकद जाते, पण त्यात थोडा ताजा रक्तरस मिसळला की ती परत येते. म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं एकटी पुरत नाहीत, त्यांना पुरवणी लागते. ही पुरवणी उष्णतेने नासते. या कामासाठी बोर्दे यांना १९१९ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

ही प्रथिनं लवंगी फटाक्यांच्या माळेसारखी असतात. एरवी गप्प. पण जंतूच्या अंगावर प्रतिपिंड चिकटलेलं दिसलं, किंवा जंतूच्या पाठीवरची परकी साखर ओळखली, की पहिला फटाका पेटतो. तो दुसऱ्याला पेटवतो, दुसरा तिसऱ्याला. माळ पेटली की तीन कामं होतात. जंतूच्या अंगावर खूण बसते, म्हणजे पांढऱ्या पेशी त्याला चटकन गिळतात. काही तुकडे उडून रक्तवाहिन्यांना सैल करतात, म्हणजे मदत तिथवर पोचते. आणि शेवटच्या प्रथिनांचं एक कडं तयार होऊन जंतूच्या कातड्याला सरळ भोक पाडतं. भोकातून पाणी आत शिरतं आणि जंतू फुटतो.

या भोक पाडण्यात किती ताकद असते, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. परळच्या केईएम रुग्णालयात आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एका नव्या रक्तगटाची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. जगभर त्याला आजही 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. भारतात साधारण १०,००० माणसांत एकाचा हा गट असतो असं धरलं जातं. साध्या तपासणीत तो 'ओ' गटासारखाच दिसतो. पण ओ गटाच्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा जो पदार्थ असतो, तो या मंडळींच्या पेशींवर नसतो. त्यामुळे त्यांच्या रक्तात 'एच'विरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात. अशा माणसाला चुकून ओ गटाचं रक्त चढवलं, तर ती प्रतिपिंडं बाहेरून आलेल्या पेशींना चिकटतात, पूरक प्रथिनांची माळ पेटते आणि तांबड्या पेशी रक्तवाहिनीतच फटाफट फुटतात. जीवावर बेतू शकतं. रक्तपेढीत गट जुळला तरी पुन्हा दोन्ही रक्तं एकत्र करून पाहतात, त्यात वेळ जातो आणि आपण बाहेर बाकावर तळमळतो. तो वेळ कशासाठी लागतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

एवढी दारू घरात भरलेली असताना आपण सुखरूप कसे? तर आपल्या प्रत्येक पेशीवर ही माळ विझवणारी प्रथिनंही असतात. निरोप्यांतही "पुरे आता, घरी जा" सांगणारे निरोपे असतात. पेटवणारे आणि विझवणारे यांचा तोल राहिला की माणूस बरा होतो. तो बिघडला की शत्रूपेक्षा पहारेकऱ्यांचाच जाच जास्त होतो.

वीण सैल होते तेव्हा

आता डेंग्यूकडे येऊ. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकाराची भीती सहसा राहत नाही, उरलेल्या तिघांची राहते. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर तो जास्त उग्र होण्याची शक्यता असते. जुनी प्रतिपिंडं नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्याला पेशीत शिरायला मदतच होते. विषाणू वाढतो, तसा निरोप्यांचा गलकाही वाढतो.

हा गलका टिपेला पोचतो तो साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे ताप उतरत असतो तेव्हा. बारीक रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर म्हणजे घट्ट विणलेल्या स्वेटरसारखं असतं. निरोपे, पूरक प्रथिनांचे तुकडे आणि विषाणूचं स्वतःचं एक प्रथिन यांच्या माऱ्याने ही वीण सैल होते. मग रक्तातला पातळ भाग झिरपून पोटात, छातीत साठू लागतो. थायलंडमधल्या डेंग्यूच्या रुग्णांवरचा एक अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला होता. ज्यांचा रक्तदाब ढासळला होता, त्यांच्या रक्तातली पूरक प्रथिनं घटलेली आढळली. माळ पेटून खर्च झाली होती.

बाहेरून काय दिसतं? ताप नाही, म्हणून घरातले निर्धास्त. आणि आत आमटीतलं पाणी आटत चाललेलं. पाणी आटलं की डाळ दाट होते, तसं रक्त दाट होतं. हा दाटपणा मोजण्याचा आकडा म्हणजे 'हिमॅटोक्रिट'. रिपोर्टात तो पीसीव्ही असाही लिहिलेला असतो. नेहमीपेक्षा तो २० टक्क्यांनी चढला, तर गळती बरीच झाली असं डॉक्टर समजतात. आपण बायका मात्र फोनवर एकच विचारतो, "प्लेटलेट्स किती?" प्लेटलेट्स महत्त्वाच्या आहेतच, पण डेंग्यूत माणूस पुष्कळदा दगावतो तो या गळतीने. तेव्हा पुढच्या वेळी दोन्ही आकडे विचारा. कालचे आणि आजचे शेजारी शेजारी लिहून ठेवा.

'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणजे काय?

पहारेकऱ्यांचा असा जाच आपण सगळ्यांनी अलीकडेच पाहिला. २०२० साली कोविडच्या वेळी 'सायटोकाइनचं वादळ' हा शब्द घराघरांत पोचला. टोसिलिझुमॅब नावाच्या इंजेक्शनसाठी मुंबईत नातेवाईक वणवण फिरत होते. ते इंजेक्शन एका निरोप्याची वाट अडवतं. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून कळलं, की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचे प्राण वाचवतं, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा काही फायदा होत नाही. औषध एकच, पण वेळ चुकली तर उपयोग नाही. नको तेव्हा, नको तितकं स्टिरॉइड घेतलं की काय होतं, ते २०२१ साली मधुमेह असलेल्या कितीतरी घरांनी काळ्या बुरशीच्या रूपाने भोगलं.

म्हणून 'प्रतिकारशक्ती दुप्पट करा' असं लिहिलेला डबा दुकानात दिसला, तर क्षणभर थांबा. आपल्याला दुप्पट पहारा नको आहे, शहाणा पहारा हवा आहे. तो वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि सरकारी वेळापत्रकातल्या लशी यांनी मिळतो. आणि डेंग्यूत स्टिरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून "पटकन बरं वाटेल" अशी गोळी आणू नका.

घरी काय करावं

१. पावसाळ्यात ताप आला की डॉक्टरांना दाखवा. पहिल्या पाच दिवसांत रक्ताची एनएस-वन तपासणी आणि त्यानंतर आयजीएम तपासणी उपयोगी पडते.

२. तापाला डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. घरात कोणी हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेत असेल, तर ते आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा.

३. पेज, ताक, शहाळं, लिंबू सरबत, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पण सारखं द्या. चार ते सहा तासांत एकदा तरी लघवी व्हायला हवी.

४. ताप उतरल्यापासून दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, मूल एकदम मलूल होणं किंवा विनाकारण चिडचिडणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. शाळेत शिकवताना दिसतं, आदल्या दिवशी ताप उतरलेलं मूल दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन हजर! परीक्षा असो की पिकनिक, हे दोन दिवस त्याला घरीच ठेवा.

५. आपणहून सलाइन लावून घेण्याचा हट्ट नको. एक-दोन दिवसांत वीण पुन्हा घट्ट होते आणि झिरपलेलं पाणी रक्तात परततं. तेव्हा जास्तीचं सलाइन असेल तर ते फुप्फुसांवर येतं. किती आणि कधी, हा हिशेब डॉक्टरांचा.

६. पपईच्या पानांचा रस सासूबाईंनी सुचवला, तर त्यांच्याशी वाद घालू नका. पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका. उलट्या होत असतील तर तो कडू रस नकोच.

आणि डासांचं काय?

डेंग्यू हा झोपडपट्टीतला आजार, असं म्हणणारे अजून भेटतात. चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा २१ ऑक्टोबर २०१२ रोजी वांद्र्याच्या लीलावती रुग्णालयात डेंग्यूनेच गेले. हा डास दिवसा चावतो आणि त्याला गटार लागत नाही, स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, बाटलीतला मनीप्लांट, गच्चीवरची ताडपत्री आणि झाकण नसलेलं पिंप त्याला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी ही सगळी भांडी ओतून, आतून घासून, कोरडी करून पालथी घाला. घासायचं विसरू नका, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. पालिकेचा माणूस कुंड्या तपासायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवू नका.

ताप उतरल्याचे पेढे मारुतीला ठेवायचे असतील तर जरूर ठेवा. फक्त दोन दिवस थांबून ठेवा.