पहिला आकडा



बाजारात व्यापारी जनावराची किंमत मुद्दाम चढी सांगतो, हे कोणाला ठाऊक नाही? पण ठाऊक असले म्हणजे माणूस त्यातून सुटतो काय? माझीच गोष्ट सांगतो.

मागे घरासाठी संकरित गाय घ्यायला बाजारात गेलो. जनावर कसे पारखावे हे इतरांना सांगण्यात माझी उभी नोकरी गेलेली. दुसऱ्या वेताची गाय 55 हजारांपर्यंत घ्यायची, असे घरातून ठरवूनच निघालो होतो. व्यापारी म्हणाला, "85 हजार." मी मनात हसलो. मग घासाघीस करून 68 हजारांना सौदा केला आणि 17 हजार वाचवले या आनंदात घरी आलो. मंडळींनी एवढेच विचारले, "अहो, पंचावन्नच्या वर जायचं नाही म्हणाला होतात ना?"

ट्वेर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आकड्यांचे चक्र फिरवून लोकांना विचारले, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश शेकडा किती? चक्रावर 10 आलेल्यांचा अंदाज 25 च्या आसपास राहिला, 65 आलेल्यांचा 45 च्या. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता! पुढे 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत लोकांना आधीच सावध केले, की आकड्याने मन ओढले जाते. तरीही ते ओढले गेलेच.

याचे एक कारण असे सांगतात. पहिला आकडा कानी पडला, की मन तेथून मोजू लागते. आपण खाली उतरतो, पण पुरते उतरत नाही.

मग करावे काय? आपला भाव घरीच चिठ्ठीवर लिहावा आणि तेवढेच पैसे बरोबर न्यावेत. शक्य तर पहिला आकडा आपणच बोलावा. सौदा चिठ्ठीच्या वर गेला, तर "घरी विचारून सांगतो" म्हणून उठावे. खताच्या दुकानातही तसेच. माती परीक्षणाप्रमाणे किती पोती लागतात ते आधी लिहून न्यावे. दुकानदाराच्या आकड्यापासून मोजणी सुरू करू नये.

गुरे शेतात शिरतात हे ठाऊक असल्याने पीक वाचत नाही. त्यासाठी कुंपणच घालावे लागते. येत्या बाजाराला निघताना चिठ्ठी विसरू नका.