घर देताना आडनाव कशाला?



मुलगी आणि जावई नोकरीसाठी इंग्लंडात लेस्टरला गेले, तेव्हा मंदिरात भेटणारी प्रत्येक जण मला एकच विचारायची, घर मिळालं का? दीड महिना माझं उत्तर 'नाही' असंच होतं. नवीन देशात नोकरी आधी मिळते, घर मागून, आणि मधल्या काळात जिवाला जो घोर लागतो तो आईच जाणे.

तिकडची रीत आधी सांगते, म्हणजे ज्यांची मुलं जाणार आहेत त्यांना उपयोग होईल. भाड्याने देण्यापूर्वी मालकाला व्हिसा तपासावाच लागतो, तसा कायदाच आहे. शिवाय पगाराच्या पावत्या आणि आधीच्या घरमालकाचं पत्र मागतात. आता काल उतरलेल्या माणसाकडे तिथल्या आधीच्या घरमालकाचं पत्र कुठून येणार? अनामत रकमेचं मात्र मला पटलं. २०१९ च्या कायद्याने नेहमीच्या घरांना पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. महिन्याचं भाडं ९०० पौंड धरा. वर्षाचे झाले १०,८००, भागिले ५२, म्हणजे आठवड्याचे साधारण २०८, आणि पाच आठवड्यांचे १,०३८. (बी.कॉम.चा हिशोब अजून सुटत नाही!) ही रक्कम मालकाने ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवायची असते. सोडताना रंगाचे पैसे, नळाचे पैसे म्हणून मनाला येईल तसं कापून घेता येत नाही. आपल्याकडेही असं हवं.

खोली मिळत होती, पण पाच जणांत एक स्वयंपाकघर, एकच फ्रीज, तव्यावर सकाळी कुणाचं काय शिजलेलं. मुलीला ते जमणारं नव्हतं, म्हणून वेगळ्या स्वयंपाकघराचं घर शोधत होते. एका ठिकाणी एजंटने फोनवर विचारलं, भारतीय जेवण रोज बनवता का? हो म्हटल्यावर घर 'दुसऱ्याला दिलं'. जाहिरात पुढे आठ दिवस तशीच होती.

हे ऐकून आपल्या बायका किती चिडल्या म्हणून सांगू! कांदा नाही, लसूण नाही, साधी हिंग-जिऱ्याची फोडणी, तिचा कसला वास? पण वास हा नेहमी दुसऱ्याच्याच स्वयंपाकाला येतो. २०१७ मध्ये केंट परगण्यातल्या फर्गस विल्सन नावाच्या बड्या घरमालकाने एजंटांना कळवलं होतं की गोऱ्या नसलेल्या भाडेकरूंना घर देऊ नका, ते गेल्यावर घरात करीचा वास राहतो. तिथला समानता आयोग कोर्टात गेला आणि कोर्टाने त्याच वर्षी मनाई केली. त्या 'करी'त आपलं वरणही आलं आणि शेजारच्याचं मटणही. त्याने काही फरक केला नाही.

लेस्टरचीच गोष्ट घ्या. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे घरं, शाळा भरल्या आहेत, इकडे येऊ नका. लोक आलेच. आज ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत जैन मंदिर आहे, १९८८ पासूनचं. दिगंबर आणि श्वेतांबर, दोघांचीही सोय एकाच छताखाली. मुलगी रविवारी जाते. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे बाकीच्या दिवशी बिचारी ऑफिसातच तीन वाजता डबा उघडते.

आता आपलं पाहू. आपल्यातल्याच कितीजणी घर भाड्याने द्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न विचारतात, आडनाव काय? त्या एजंटने निदान जेवणाचं विचारलं! आपण आडनावावरून जेवण ठरवतो, जात ठरवतो, आणि 'नुकतंच दिलं' म्हणून फोन ठेवतो. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. तेव्हा आपणही मराठी म्हणून संतापलोच की.

आणि हे मुंबईपुरतं राहिलेलं नाही. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लिगोची वेधशाळा होते आहे. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजायच्या, त्यासाठी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. उद्या तिथे बंगालची, केरळची शिकलेली मुलं-मुली येतील. त्यांच्या आयांनाही हिंगोली परदेशच वाटेल. त्या रोज फोनवर विचारतील, घर मिळालं का?

तुम्ही म्हणाल, आपल्या घरात मांस शिजलं तर त्याची अनुमोदना आपल्याला लागत नाही का? प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. जिथे एकच जिना, एकच पाण्याची टाकी, खाली आपला चौका, तिथे 'घरात मांस-अंडं शिजवायचं नाही' ही अट घालायला माझी ना नाही. ती पहिल्याच दिवशी सांगावी आणि भाडेकरारात लिहावी. पण अट स्वयंपाकाला असते, माणसाला नसते. अट मान्य असलेल्याला आडनावावरून परत पाठवणं कोणत्या व्रतात बसतं? आणि वेगळ्या इमारतीतला स्वतंत्र फ्लॅट असेल, तर तिथे आत काय शिजतं हे बघायला आपण जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या ह्यांना ते पटत नाही. आमचा वाद चालू आहे.

कायद्याचं म्हणाल, तर २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका पारशी सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याची मुभा दिली होती. मुभा आहे म्हणून करायलाच हवं असं नाही. आपण चार दानं मोजताना आहार, औषध, शास्त्र, अभय म्हणतो, पण समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आवासही मोजला आहे. ते मुनींच्या सेवेसंदर्भात, आणि भाडं घेतलं की दान उरत नाही, हे मला कळतं. तरी निवारा देणं त्यांनी किती वरचं धरलं, ते तर दिसतं.

मुलीला शेवटी घर दिलं ते एका पाकिस्तानी गृहस्थांनी. व्हिसा पाहिला, पगाराची स्लिप पाहिली, किल्ली दिली. काय खाता, हे विचारलंसुद्धा नाही.

आमच्या वरच्या दोन खोल्या चैत्रात रिकाम्या होतील. कागद लिहून ठेवला आहे: दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं, पाणी एक दिवसाआड, वर मांसाहार शिजवू नये. अकरा महिन्यांचा करार, पोलीस पडताळणी आवश्यक. बाकी अट नाही. कुणी असेल तर कळवा.