प्रार्थना कोणाला ऐकवायची?

माईक हाती आला की आपली प्रार्थना लांबते. शब्द जड होतात, आवाज चढतो आणि ‘हे पित्या’ म्हणता म्हणता आपण समोर बसलेल्यांशीच बोलू लागतो. कोणाच्या घरातले भांडणही मग प्रार्थनेच्या नावाने सर्वांना कळते!

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात प्रभू येशू दार लावून प्रार्थना करायला सांगतो. पण त्याच अध्यायात तो ‘आमच्या पित्या’ म्हणायलाही शिकवतो, म्हणजे एकत्र प्रार्थनेला त्याची मनाई नाही. मोठ्या आवाजालाही नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली शेकडो मुली-बाया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. त्या गजरात कोणाची प्रार्थना सुंदर, हे ठरवणार कोण? सगळ्यांचे ऐकणारा एकच होता.

हातोदच्या आपल्या प्रार्थनासभेतही ऐकणारा तोच आहे. म्हणून आम्हा धर्मशिक्षकांना वाटते, जे देवाकडे एकांतात कधी मागितले नाही, ते माईकवर मागू नये. आणि ज्यांना दोनच वाक्ये जमतात, त्यांनी संकोच करू नये. जकातदाराला एकच वाक्य जमले होते, आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला.