झाशीचा लढा आणि परकेपणाची कसोटी

दिल्लीहून पुण्या-मुंबईकडे निघालेल्या मराठी प्रवाशाला झाशीचे नाव कानी पडले की खिडकीबाहेर डोकावल्यावाचून राहवत नाही. स्थानकाला आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले आहे. मात्र तेथून मानिकपूरकडे फुटणाऱ्या मार्गावर, बेतवा ओलांडल्यावर लागणाऱ्या बरुआसागरकडे सहसा कोणी वळत नाही. ओरछाचा बुंदेला राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला विस्तीर्ण तलाव आणि काठावरचा किल्ला एवढीच या गावाची ओळख उरली आहे. तरीही परकी सत्ता कशाने परकी ठरते आणि तिच्याविरुद्धचा असंतोष युद्धापर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घ्यायचे असेल तर बरुआसागरचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

त्या इतिहासाची सुरुवात मराठी अभिमानाला फारशी सुखावणारी नाही. १७४४ साली याच परिसरात पेशव्यांच्या फौजा आणि बुंदेले यांची लढाई झाली. छत्रसालाने बाजीरावाला आपल्या राज्याचा हिस्सा दिला, ही कथा प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक असते. पण ओरछाच्या बुंदेल्यांनी मराठ्यांचे स्वागत केले नव्हते, हे त्याला कोणी सांगत नाही. त्यांच्या दृष्टीने दक्षिणेतून आलेला हा सैन्यसंभार खंडणी वसूल करणारा परकाच होता. नारो शंकर यांनी १७४२ नंतर झाशीच्या किल्ल्याचा विस्तार करून शहर वसवले, तेही ओरछाचा मुलूख दाबूनच. पुढे रघुनाथ हरी नेवाळकर सुभेदार झाले आणि मूळच्या कोकणातल्या या घराण्याकडे झाशीचा कारभार वंशपरंपरेने चालत राहिला.

त्यानंतरच्या काळात एक गोष्ट घडली. झाशीचा महसूल झाशीतच खर्च होऊ लागला. देवळे, पेठा, वाडे उभे राहिले. कारागीर आणि विणकर वसले. गंगाधररावांच्या काळात ग्रंथसंग्रह आणि नाट्यशाळाही नावारूपाला आली. न्याय मागायचा तर दरबार गावातच होता. मराठी राज्यकर्ते सद्गुणांचे पुतळे होते असे नव्हे; वसुलीची सक्ती त्यांच्याही काळात होती. पण तक्रार ऐकणारा माणूस डोळ्यांसमोर होता. सत्ता जमिनीत मुळे धरते ती अशाच साध्या कारणांनी.

कंपनी सरकारचा प्रवास याच्या अगदी उलट झाला. १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांचे बुंदेलखंडावरील हक्क कंपनीकडे गेले आणि त्याच वर्षी झाशीशी झालेल्या करारात नेवाळकरांचा वारसाहक्क मान्य करण्यात आला. १८३२ मध्ये बेंटिंकने त्यांना राजेपदही दिले. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी त्यांनी विधिपूर्वक दत्तक घेतला होता आणि त्या समारंभाला कंपनीचे अधिकारी हजर होते. पुढचा प्रश्न तलवारीचा नव्हता, तो फाइलीचा होता.

राजधानीत शासकीय सेवेत असलेल्या वाचकांना त्या फाइलीचा प्रवास परिचित वाटेल. ओरछासारख्या शेजारी संस्थानाला दत्तकाचा हक्क मिळत असेल तर झाशीला तो का नाकारायचा, असा अभिप्राय स्थानिक अधिकारी मेजर एलिस याने नोंदवला होता. झाशीची माणसे आणि करारांची भाषा त्याला ठाऊक होती. निर्णय मात्र दूर कलकत्त्यात झाला. झाशी हे आपणच निर्माण केलेले मांडलिक संस्थान आहे, सबब दत्तकाला वारस मानण्याचे बंधन नाही, असे टिपण २७ फेब्रुवारी १८५४ रोजी लॉर्ड डलहौसीने लिहिले आणि एलिसचा अभिप्राय फाइलीतच राहिला. सातारा १८४८ मध्ये याच तत्त्वावर खालसा झाले होते. नागपूरची पाळी झाशीबरोबरच आली.

या सर्वांनी प्रथम काय केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी अर्ज केले. साताऱ्याच्या गादीसाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये तब्बल चौदा वर्षे दाद मागितली. नानासाहेबांच्या पेन्शनसाठी अझीमुल्ला खान तेथे गेले. लक्ष्मीबाईंनी खलित्यांमागून खलिते पाठवले. करारांतील शब्दांचा आधार घेतला. जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. ब्रिटिश न्यायबुद्धीवर विश्वास असलेल्या माणसाचाच हा मार्ग होता. दरमहा पाच हजार रुपयांचे पेन्शन देऊ करण्यात आले, पण हक्काच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. त्यात भर म्हणून महालक्ष्मी मंदिराच्या इनाम गावांचे उत्पन्न काढून घेतले गेले, गोहत्येला मोकळीक मिळाली आणि संस्थानच्या फौजेतील माणसे बेकार झाली. राजघराण्याचा वैयक्तिक प्रश्न अशा रीतीने भाविकाचा, शिपायाचा आणि बाजारपेठेचा प्रश्न बनला. वसाहतवादी राज्य असंतोषाचे धागे स्वतःच्याच हाताने एकत्र विणते, ते असे.

जून १८५७ मध्ये झाशीतील देशी पलटणींनी उठाव केला. ८ जूनला झोकन बागेत स्त्रिया-मुलांसह साठेक युरोपीयांची कत्तल झाली; तो डाग पुसून टाकण्याचे कारण नाही. पलटणी दिल्लीकडे निघून गेल्यावर राणीने सागरच्या कमिशनरला झाल्या प्रकाराची पत्रे लिहिली आणि जुलैमध्ये त्या कमिशनरनेच तिला कंपनीच्या वतीने कारभार पाहण्यास सांगितले. म्हणजे त्या क्षणापर्यंत समेटाचे दार उघडे होते. पुढे बरुआसागरच्या बाजूला लुटारूंचा उपद्रव वाढला, तेव्हा राणी स्वतः तेथे जाऊन बंदोबस्त करून आल्याचे चरित्रकार सांगतात. शरद ऋतूत ओरछाच्या नत्थे खानाने झाशीवर चाल केली. एक शतकापूर्वीचे मराठा-बुंदेला वैर अजून जिवंत होते आणि ओरछा इंग्रजांच्या बाजूला होते. राणीने हा हल्ला परतवला. इंग्रजांकडून मदत आली नाही. ह्यू रोझ मार्च १८५८ मध्ये झाशीसमोर आला तो वाटाघाटींसाठी नव्हे.

आता पक्ष कसे पडले ते पाहावे. ओरछाचे बुंदेले इंग्रजांकडे होते. पण बाणपूरचे मर्दनसिंह आणि शाहगढचे बखतबली हे बुंदेला राजे उठावात होते. झाशीच्या तोफा गुलाम गौस खान चालवत होता, कोरी समाजातील झलकारीबाईची स्मृती आजही बुंदेलखंडात जागी आहे, तटावर पठाण होते. बेतवेच्या पलीकडून, बरुआसागरच्याच दिशेने तात्या टोपे मोठी फौज घेऊन मदतीला आले आणि १ एप्रिलला नदीकाठी त्यांचा पराभव झाला. ज्या मुलखात १७४४ साली मराठा हा परका होता, तेथे १८५८ मध्ये एका मराठी राणीसाठी बुंदेलखंडातील नाना जातिधर्मांची माणसे मरायला उभी राहिली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी दक्षिणेच्या शोधात उत्तरेत आले होते. झाशीच्या पाडावानंतरची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांच्या प्रवासवृत्तात दिसतो तो उद्ध्वस्त झालेल्या शहराबद्दलचा शोक. ते शहर मराठ्यांचे की बुंदेल्यांचे, हा प्रश्न त्यात उरत नाही.

याला राष्ट्रवाद म्हणावे काय? सावरकरांनी १९०९ मध्ये या लढ्याला स्वातंत्र्यसमर म्हटले. रमेशचंद्र मजुमदारांनी तो ना पहिला, ना राष्ट्रीय, ना स्वातंत्र्ययुद्ध असा निवाडा दिला. दोन्ही बाजू राष्ट्रवाद आधी तयार असायला हवा, मग युद्ध व्हायला हवे, असे गृहीत धरतात. झाशीचा क्रम निराळा आहे. हक्क नाकारला गेला, अर्ज निष्फळ ठरले, अन्याय सर्वांचा झाला, युद्ध झाले आणि त्याच्या स्मृतीतून पुढच्या पिढ्यांचे राष्ट्र आकाराला आले. १८५८ च्या १ नोव्हेंबरला राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्याने खालसा धोरण सोडले आणि पुढे संस्थानिकांचा दत्तकाचा हक्कही मान्य झाला. जे चार ओळींच्या अनुकूल टिपणाने मिळाले असते, त्याची किंमत हजारो प्राणांनी मोजली गेली. आणि तरी सवय सुटली नाही: झाशी शहर १८६१ मध्ये शिंद्यांना देण्यात आले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेण्यात आले. दोन्ही वेळा झाशीकरांना कोणी विचारले नाही.

झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर १० डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत उठले आणि आपण हिंदुस्तानीतच बोलणार, असा आग्रह त्यांनी धरला. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांनी या सभागृहात बसू नये, इतके ते टोकाला गेले. पुढे ते पहिल्या लोकसभेवरही निवडून आले. आडनाव अस्सल मराठी, मुलूख बुंदेलखंड आणि अभिमान हिंदुस्तानीचा. त्यांच्या भूमिकेशी सहमत होणे अवघड आहे. परक्या मुलखात रुजलेला माणूसही दुसऱ्यांसाठी दार लावून घेऊ शकतो, हेच त्यातून दिसते. पण मराठी सरदारांच्या वारशातील शहर शंभर वर्षांत किती दूर आले होते, याचीही ती साक्ष आहे.

कोण कोठून आला यावर परकेपणा ठरवण्याचा मोह आज दिल्लीत आहे, तसा तो मुंबईतही आहे. बरुआसागरचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. नेवाळकरही बाहेरूनच आले होते आणि कंपनीही. एकाचे राज्य वाचवण्यासाठी लोक तटावर चढले, दुसऱ्याचे उलथवण्यासाठी. फरक आगमनात नव्हता. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांचे म्हणणे ऐकण्यात होता. मेजर एलिसचा अभिप्राय कलकत्त्यात गांभीर्याने वाचला गेला असता, तर १८५७ टळले असते असे म्हणता येणार नाही. झाशीचा इतिहास मात्र वेगळा लिहिला गेला असता. स्वतंत्र देशाच्या राजधानीतही जिल्ह्यातून आलेले टिपण दर आठवड्याला कोणत्या ना कोणत्या टेबलावर पोहोचते. ते वाचले जाते की नुसतेच फाइलीला लावले जाते, यावर सत्तेचे आपलेपण ठरत असते.