पालकांच्या स्वाधीन

घरातून पळालेलं पोर सापडलं की पेपरात ठरलेलं वाक्य येतं, 'मुलास पालकांच्या स्वाधीन करण्यात आले.' वाचून बरं वाटतं. पण ते पळालं कशाला, हे बातमीत सहसा नसतंच.

आपल्या परभणी किंवा पूर्णा स्टेशनवर एकटं पोर दिसलं तर आपणही विचारतो, "घर कुठंय रे तुझं?" "घरी कुणी मारतं का?" हे कोण विचारतो? मामाकडे पळून आलेल्या भाच्यालाही आपण दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून परत धाडतो!

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात पळणं हा गुन्हा नाही. अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. घरी छळ होत असेल तर समिती त्याला बालगृहात ठेवू शकते, आणि छळणाऱ्या पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

"आईबापच ते, मारणारच" हे मला पटत नाही. धाक वेगळा, छळ वेगळा. म्हणून मंडळी, आधी पोराचं ऐका, १०९८ ला फोन करा. घरी पोचवायची घाई नको. तुम्हाला काय वाटतं?